६१७४ आणि चित्रकाव्य

जुन्या पोथ्यांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना संख्या शब्दांत वाचण्याची सवय असते. पोथीच्या शेवटी दिलेला शक पुष्कळदा आकड्यांत नसतोच. चार म्हणायचे तर 'वेद', सात म्हणायचे तर 'अद्रि', एकासाठी 'भू', सहासाठी 'रस'. (साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे अडखळू नये. त्याचे रस आठ किंवा नऊ; भूतसंख्या लिहिणारा मात्र जिभेचे सहा रस मोजतो.) शब्द एककापासून सुरू करायचे आणि आकडे उजवीकडून डावीकडे मांडत जायचे, कारण 'अंकानां वामतो गतिः'. या रीतीने कोणी 'वेद-अद्रि-भू-रस' असे लिहिले तर त्याचा अर्थ होईल ६१७४. हा कोणत्याही ग्रंथाचा शक नाही. डहाणूत जन्मलेल्या आणि देवळालीच्या शाळेत गणित शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या एका मराठी शिक्षकाने जगापुढे ठेवलेली ही संख्या आहे. तिचा इतिहास गणितज्ञांनी सांगून झाला आहे. आम्हांला तो साहित्याच्या वाचकासाठी पुन्हा सांगावासा वाटतो, आणि त्याला कारण आहे.

आधी संख्येचा गुण पाहू. कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. आम्ही आमच्या मीरा-भाईंदरची महानगरपालिका ज्या वर्षी झाली ते साल घेतो : २००२. त्यातील अंक उतरत्या क्रमाने लावले की २२००, चढत्या क्रमाने लावले की ००२२. मोठीतून लहान वजा केली की उरतात २१७८. आता हीच क्रिया २१७८ वर करायची : ८७२१ वजा १२७८, म्हणजे ७४४३. पुढे ७४४३ वजा ३४४७, म्हणजे ३९९६. मग ६२६४, मग ४१७६, आणि सहाव्या वजाबाकीला ६१७४. येथे गाडी थांबते. ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च, आणि कितीही वेळा केले तरी तेच. २००२ऐवजी दुसरे काहीही घेतले असते तरी मुक्काम हाच. ०००० ते ९९९९ या दहा हजार मांडण्यांपैकी ज्यांचे चारही अंक सारखे आहेत अशा दहा सोडल्या, तर उरलेल्या ९,९९० पैकी प्रत्येक मांडणी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ला पोचते. त्या वगळलेल्या दहांचा पहिल्याच वजाबाकीत शून्य होतो. वाहनासाठी ७७७७ किंवा ९९९९ हा क्रमांक मिळावा म्हणून जादा शुल्क भरणाऱ्यांना कोणी हे सांगितलेले नसावे.

या संख्येचे जनक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. (१९०५ हे साल त्याच वजाबाकीच्या चरकात घातले तर नेमक्या सात पायऱ्या लागतात, म्हणजे जितक्या जास्तीत जास्त लागू शकतात तितक्या.) आज डहाणू पालघर जिल्ह्यात आहे आणि २०१३ पासून भाईंदरची खाडी ओलांडून लोकल थेट तेथवर जाते, त्या काळी ते ठाणे जिल्ह्याचे टोक होते. आठव्या वर्षी आई गेली. वडील कारकून, त्यांना फलज्योतिषाचा नाद. ज्योतिषाला खोल गणित लागत नाही, पण आकडेमोड भरपूर लागते, आणि मुलाला आकडेमोडीची गोडी लागली ती तेथूनच. ठाण्याच्या माध्यमिक शाळेत तो तासन्‌तास कोडी सोडवत बसे. पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय, १९२७ साली रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक, १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. ही पदवी, आणि मग देवळालीची शाळा. तेथे ते १९६२ साली निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिले. पदव्युत्तर शिक्षण नाही, संशोधनसंस्था नाही, मार्गदर्शक नाही.

देवळालीहून त्यांनी जे लिहिले ते गणिताच्या किरकोळ नियतकालिकांत आणि खाजगी रीतीने छापलेल्या पुस्तिकांत. ६१७४चा गुण मात्र न्यूयॉर्कच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात १९४९ साली आला. लेखाच्या इंग्रजी मथळ्याचा अर्थ होता 'एकट्याने खेळायचा आणखी एक खेळ'. पत्त्यांचा तो खेळ असतो ना, ज्यात दुसरा गडी लागत नाही, तो. सहा वर्षांनी, १९५५ साली, त्याच नियतकालिकात त्यांनी ६१७४चे नाव मथळ्यात घालून दुसरा लेख लिहिला. पहिला मथळा आम्हांला अधिक बोलका वाटतो. कापरेकरांनी आपल्या शोधाला सिद्धान्त म्हटले नाही, खेळ म्हटले, आणि तोही एकट्याचा.

खेळ म्हटल्यामुळे त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टीही ठरून गेली. देशातल्या पुष्कळ गणितज्ञांना हे सारे पोरखेळासारखे वाटे. परिषदांना हा मास्तर येई, आपल्या संख्या सांगे आणि श्रोते हसत. हे हसणे केवळ तुच्छतेचे नव्हते. त्यामागे एक मत होते, आणि ते मत अतिशय समर्थपणे मांडले गेलेले होते.

मांडणारे होते केंब्रिजचे जी. एच. हार्डी, ज्यांनी रामानुजन यांना जगासमोर आणले तेच. १९४० साली त्यांनी 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' हे छोटे पुस्तक लिहिले. गणितज्ञाच्या हातून झालेले इतके सुंदर गद्य विरळाच. त्यात गंभीर गणित कोणते आणि क्षुल्लक कोणते याचा निवाडा आहे. क्षुल्लकाची उदाहरणे म्हणून हार्डींनी मुद्दाम अंकांच्या गमती निवडल्या. चार अंकी संख्यांत केवळ ८७१२ आणि ९८०१ या दोनच आपल्या उलट रूपाच्या पटीत आहेत : ८७१२ म्हणजे २१७८ची चौपट आणि ९८०१ म्हणजे १०८९ची नऊपट. हार्डींचे म्हणणे असे की हे वर्तमानपत्राच्या कोड्यांच्या सदरात शोभेल, हौशी लोकांची करमणूक करील, पण गणितज्ञाच्या मनाला त्यात काही नाही. कारण त्यातून काहीच व्यापक निघत नाही. (२००२च्या प्रवासात पहिल्याच वजाबाकीला २१७८ आले होते हे वाचकाच्या लक्षात असेल. त्याचा अर्थ लावण्याच्या फंदात आम्ही पडत नाही.)

हार्डी डिसेंबर १९४७मध्ये वारले. कापरेकरांचा लेख त्यांच्या मृत्यूनंतरचा. पण निकाल आधीच लागलेला होता. आणि गंमत अशी की ज्या परांजप्यांच्या नावाचे पारितोषिक कापरेकरांना मिळाले ते १८९९चे सीनियर रँग्लर, तर हार्डी त्याच परीक्षेत १८९८चे चौथे रँग्लर. पारितोषिक आणि निषेध दोन्ही एकाच विद्यापीठातून, एकाच पिढीकडून आलेले.

हार्डींच्या आक्षेपाचा गाभा समजण्यासाठी ६१७४च्या शेजारी त्यांचीच प्रसिद्ध संख्या ठेवावी. इस्पितळात पडलेल्या रामानुजनना भेटायला जाताना टॅक्सीचा क्रमांक होता १७२९. हार्डींना तो नीरस वाटला, रामानुजन म्हणाले की नाही, दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगळ्या प्रकारांनी लिहिता येणारी ही सर्वांत लहान संख्या आहे : १२ आणि १ यांच्या घनांची बेरीज, तशीच १० आणि ९ यांच्या घनांची. हा गुण १७२९ ज्या राशीचे नाव आहे त्या राशीचा आहे. १७२९ गारगोट्या घेऊन त्यांचे घनाकार ढीग रचा, रोमन अक्षरांत लिहा, भूतसंख्येत लिहा, काहीही करा, गुण जात नाही. ६१७४चा तसा नाही. ६१७४ गारगोट्यांना उतरता क्रम आणि चढता क्रम असे काही नसते. तो क्रम अंकांना असतो, आणि अंक ही लिहिण्याची गोष्ट आहे.

हे तपासून पाहता येते. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून दशमान. पाचाच्या पटीत मोजणारी एखादी जात असती, तर तिची पंचमान पद्धतीतली चार अंकी संख्या याच खेळात ३०३२ या मांडणीशी स्थिर होऊ शकली असती, आणि ती मांडणी म्हणजे आपल्या हिशेबाने ३९२. आपली ६१७४ त्या लोकांना १४४१४४ अशी दिसली असती, १४४ दोनदा लिहिल्यासारखी. तेथे ती थांबण्याचे ठिकाण उरली नसती. तिच्या अंगावर दुसरीच नक्षी उमटली असती. म्हणजे ६१७४चा महिमा संख्येत नाही, लिपीत आहे. हार्डींनी जे क्षुल्लक ठरवले ते नेमके हेच : राशीऐवजी राशीच्या लेखनाचे गुण.

साहित्याच्या अभ्यासकाला हा निवाडा कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला पाहिजे. आमच्याकडे तो हार्डींच्या कितीतरी आधी दिला गेला आहे. मम्मटाने काव्याच्या तीन प्रती लावल्या. ध्वनिकाव्य उत्तम, गुणीभूतव्यंग्य मध्यम, आणि ज्यात व्यंग्यार्थ नसून केवळ शब्दाची वा अर्थाची करामत आहे ते चित्रकाव्य अवर. आनंदवर्धन तर त्याहून कठोर. चित्राला तो मुळात काव्यच मानत नाही, काव्याची नक्कल मानतो. उलटसुलट वाचता येणारे श्लोक, चक्रबंध, पद्मबंध, एकाच व्यंजनात रचलेले चरण या साऱ्यांचा दोष काय? तर ते अर्थाचे गुण नव्हेत, अक्षरांच्या मांडणीचे गुण आहेत. दुसऱ्या भाषेत अनुवाद केला की नाहीसे होणारे. ६१७४ पंचमानात नेली की तिचा गुण नाहीसा होतो, तसेच. 'राशी'च्या जागी 'रस' आणि 'अंक'च्या जागी 'अक्षर' घातले की हार्डी आणि आनंदवर्धन एकच वाक्य बोलत आहेत असे दिसते.

आता या वाक्याशी आपण किती सहमत व्हायचे हा प्रश्न आहे, आणि तो केवळ कापरेकरांच्या अब्रूचा नाही. मोरोपंतांचेही तेच झाले. त्यांच्या नावावर परंपरेने १०८ रामायणे सांगतात. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात ओठ जुळवून उच्चारायचे अक्षरच येत नाही. आधुनिक मराठी समीक्षेने ही सगळी रामायणे शब्दांची कसरत म्हणून एका वाक्यात बाजूला सारली आणि विद्यार्थ्यांना केकावलीवर नेऊन सोडले. (मोरोपंतांचे जन्मसाल १७२९. आणि १०८ ही कापरेकरांच्या व्याख्येप्रमाणे 'स्वयंभू' संख्या आहे. म्हणजे दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्या स्वतःच्याच अंकांची बेरीज मिळवून ती तयार होत नाही. रसिकांनी या योगायोगांचे काय करायचे ते करावे.) प, फ, ब, भ, म वगळून रामकथा सांगताना 'राम' हा शब्दच लिहिता येत नाही, हे ध्यानात घेतले की कसरतीतही काही पणाला लागलेले असते हे पटते.

आमचे मत असे की हार्डींचा आक्षेप ६१७४ला पुरता लागू पडत नाही. ८७१२ आणि ९८०१ या दोन संख्यांबद्दल त्यांनी जे म्हटले ते मान्य करता येईल. ती वस्तुस्थिती आहे आणि तेथेच संपते. ६१७४च्या मागे मात्र नियम आहे, आणि तो फार साधा आहे. चार अंक मोठ्यापासून लहानापर्यंत लावले आणि वजाबाकी केली, की उत्तर अंकांवर अवलंबून राहत नाही, अंकांतील दोन अंतरांवर राहते : सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांतील अंतर, आणि मधल्या दोघांतील अंतर. पहिल्याची ९९९ पट अधिक दुसऱ्याची ९० पट, एवढेच उत्तर. पहिले अंतर १ ते ९, दुसरे शून्यापासून पहिल्याएवढे. एकूण शक्यता ५४. ज्या ९,९९० मांडण्या अगणित वाटत होत्या त्या पहिल्याच पावलाला ५४ दारांतून आत येतात. पहिले अंतर ६ आणि दुसरे २ असेल तर ५९९४ अधिक १८०, म्हणजे ६१७४. आणि त्याचे स्वतःचे अंक ७, ६, ४, १ घेतले तर अंतरे पुन्हा ६ आणि २. संख्या स्वतःला जन्म देते. ९९९ कुठून आले? हजारातून एक गेला. ९० कुठून? शंभरातून दहा गेले. म्हणजे हा सगळा खेळ स्थानिक किमतीचा आहे. एक अंक हजाराच्या घरातून एककाच्या घरात आला की त्याचे काय होते, याचाच हा ताळेबंद.

आणि तो व्यापकही करता येतो. तीन अंकांना ४९५ हे स्थिर ठिकाण आहे. दोन अंकांना असे ठिकाण नाही, तेथे फेरा आहे. पाच अंकांनाही एकही स्थिर संख्या नाही. दशमानात सगळ्या वाटा जेथे एकत्र येतात अशा संख्या केवळ ४९५ आणि ६१७४ एवढ्याच, हे प्रिचेट, लडिंग्टन आणि लापेंटा यांनी १९८१ साली सिद्ध केले. देवळालीच्या मास्तरांचा एकट्याचा खेळ तोवर इतरांचाही झाला होता.

लिहिलेल्या अंकांचे गणित हे गणित नव्हे, ही समजूत आपल्या परंपरेत तरी रुजलेली नव्हती. ११५० साली पूर्ण झालेल्या 'लीलावती'च्या अखेरीस भास्कराचार्यांनी 'अंकपाश' नावाचे प्रकरण घातले आहे. त्यात प्रश्न असे : दिलेल्या अंकांची स्थाने बदलून किती संख्या होतात आणि त्या सगळ्यांची बेरीज किती? २ आणि ८ यांच्या दोन, बेरीज ११०. ३, ९ आणि ८ यांच्या सहा, बेरीज ४,४४०. कापरेकर अंकांची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान मांडणी घेऊन वजाबाकी करतात, भास्कराचार्य सर्व मांडण्या घेऊन बेरीज करतात. सामग्री तीच आहे. चौदाव्या शतकात नारायण पंडितांनी 'गणितकौमुदी'त हा विषय फार पुढे नेला. ज्या देशात दहा चिन्हांनी कोणतीही राशी लिहिण्याची युक्ती घडली त्या देशात युक्तीच्याच गुणांविषयी कुतूहल असणे स्वाभाविक होते. रोमन अक्षरांत लिहिणाऱ्याला अंकपाश सुचणे कठीण.

याच परंपरेत गोदावरीच्या खोऱ्यात एक माणूस होऊन गेला ज्याच्यावर साहित्याच्या आणि गणिताच्या दोन्ही विभागांनी हक्क सांगायला हवा. पार्थपूरचा, म्हणजे आजच्या पाथरीचा, सूर्यदास. ज्ञानराज या ज्योतिर्विदाचा मुलगा, सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याने भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर आणि 'बीजगणिता'वर टीका लिहिल्या, आणि त्यानेच 'रामकृष्णविलोमकाव्य' रचले. त्यातला श्लोक एका बाजूने वाचला तर रामाचा, उलट बाजूने वाचला तर कृष्णाचा. अंक कसे फिरवले असता काय होते हे समजावून सांगणारा माणूस आणि अक्षरे फिरवून राम-कृष्णांना एकाच ओळीत बसवणारा माणूस एकच होता. त्याला या दोन कामांत भेद जाणवला असेल असे आम्हांला वाटत नाही. विलोमकाव्याला चित्रकाव्य म्हणून तिसऱ्या पंक्तीत बसवणाऱ्याने निदान ते काव्य कोणत्या मेजावर लिहिले गेले हे पाहावे.

कापरेकरांचे सगळेच लेखन आम्हांला सारख्या मोलाचे वाटते असे मात्र नाही. ११, १११, ११११ यांचे वर्ग १२१, १२३२१, १२३४३२१ असे येतात, त्या डौलदार संख्यांना आणि त्यांच्या गोतावळ्याला त्यांनी 'डेम्लो' संख्या म्हटले. डेम्लो म्हणजे डोंबिवली, जी. आय. पी. रेल्वेच्या त्या स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली होती. नाव छान आहे, स्थानकाला अमर करणारे आहे, पण ६१७४ची खोली तेथे नाही. उलट ज्यांना जगाने 'कापरेकर संख्या' हे नाव दिले त्या फार देखण्या आहेत : ५५चा वर्ग ३०२५, आणि ३० अधिक २५ पुन्हा ५५. वाहनाच्या पाटीवर वजाबाकीत शून्य होणाऱ्या ७७७७ला येथे मान आहे. तिचा वर्ग ६०४८१७२९. त्याचे दोन तुकडे ६०४८ आणि १७२९ यांची बेरीज ७७७७. हार्डींची टॅक्सी अशी कापरेकरांच्या अंगणात येऊन उभी राहते.

अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी 'हर्षद' म्हटले. गणिताच्या जागतिक परिभाषेत मराठी मास्तराने घातलेला हा संस्कृत शब्द आजही चालतो. १७२९ हर्षद आहे : अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९, गुणक एकमेकांचे विलोम. रामानुजनना या संख्येत राशी दिसली, कापरेकरांना लिपी दिसते. दोघांनाही आनंद देण्याइतके तिच्यात आहे. ६१७४ही हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १८, आणि भागाकार ३४३, म्हणजे ७चा घन. शिवाय १८, १८चा वर्ग ३२४ आणि १८चा घन ५८३२ यांची बेरीज केली तर ६१७४च येते. राशी म्हणूनही ती अगदीच कफल्लक नाही.

मार्च १९७५मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि ते जगभर माहीत झाले. तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. निवृत्तीला तेरा वर्षे लोटली होती, १९६६ साली पत्नी गेली होती, पेन्शन पुरत नव्हते म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत होते. १९८६ साली ते वारले. 'गणितानंद' म्हणून त्यांना ओळखत. आपल्या संख्यांच्या नादाची तुलना ते मद्यप्याच्या नादाशी करत, आणि त्यात लाज बाळगत नसत.

मीरा-भाईंदरच्या वाचकासाठी एक हिशेब राहिला. भारतातल्या प्रत्येक पत्त्याखाली सहा अंक असतात. ही पिन पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि ती आखणारे टपाल खात्याचे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी आणि नाटककार होते. सहा अंकांचा खेळ चार अंकांसारखा एका ठिकाणी संपत नाही. तेथे स्थिर संख्या दोन, ५४९९४५ आणि ६३१७६४, आणि त्यांखेरीज सात संख्यांचा एक फेरा, ज्यात शिरलेला आकडा पुन्हा बाहेर पडत नाही. मीरा रोडचा ४०११०७ घ्यावा : ७४११०० वजा ००११४७ म्हणजे ७३९९५३, पुढे ६६१७३४, आणि तिसऱ्या पायरीला ६३१७६४. तेथे तो विसावतो. खाडीच्या अंगाला असलेल्या भाईंदर पश्चिमेचा ४०११०१ मात्र तीन पायऱ्यांत ८६०८३२वर येतो आणि त्या सात संख्यांच्या फेऱ्यात अडकतो. भाईंदर पूर्वेचा ४०११०५ नवव्या पायरीला त्याच फेऱ्यात शिरतो, आणि वाटेत, दुसऱ्या पायरीला, ६३९९५४ला त्याची गाठ कापरेकरांच्या जन्मगावाशी पडते; डहाणूच्या ४०१६०१ची पहिलीच वजाबाकी तीच येते, आणि तेथून पुढे दोघांचा रस्ता एकच. देवळाली कॅम्पचा ४२२४०१ चौथ्या पायरीला ४२०८७६वर येऊन फिरू लागतो.